घर किती वेळा बघायचं?

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आजचा विषय प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी येणारा आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक चालू होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, मागचं इतिवृत्त वाचून झालं. मग एक मैत्रीण उठली. तिला पन्नास हजारांचं अंतर्गत कर्ज हवं होतं, तेही शनिवारच्या आत. कारण विचारलं तर म्हणाली, "घर घेतोय. इसार द्यायचाय. एजंट म्हणतोय, दुसरी पार्टी तयार आहे. शनिवारपर्यंत पैसे दिले नाहीत तर घर हातचं जाईल."

सगळ्यांना आनंद झाला. बारा वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेली बाई. कुणी म्हणालं, पेढे पाहिजेत. तेवढ्यात आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर आजींनी विचारलं, "घर कसं आहे गं? मोरी आत आहे का बाहेर?"

ती जरा थांबली. म्हणाली, "मी अजून नाही बघितलं. ह्यांनी आणि भाऊजींनी बघितलंय. परवा संध्याकाळी, एकदा."

खोलीत शांतता झाली. मग तिनंच विचारलं, "पण ताई, घर किती वेळा बघायचं असतं?"

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आलं नाही. साडी घेताना दहा दुकानं फिरणाऱ्या आम्ही, आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या खरेदीबद्दल गप्प बसलो. त्या दिवशी आम्ही कर्ज मंजूर केलं, पण ठरावात एक ओळ घातली: सदस्येनं स्वतः घर बघितल्याशिवाय रक्कम द्यायची नाही. ती थोडी नाराज होऊन गेली. आम्ही मात्र त्या प्रश्नाच्या मागं लागलो. आम्ही बी. ए.ला इतिहास घेतला होता. राजे आणि लढाया पाठ केल्या, पण आपली माणसं घर कशी बघत आली हे कधी वाचलं नव्हतं. जे सापडलं ते आज सांगतो.

सुरुवात फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिर नावाचा मोठा ज्योतिषी होऊन गेला. त्याच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात घराच्या जागेची परीक्षा कशी करायची ते दिलं आहे. जागेत हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती परत त्यातच भरायची. माती कमी पडली तर जागा वाईट, उरली तर चांगली. दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं चालून परत यायचं आणि पाणी किती उतरलं ते बघायचं. तिसरी परीक्षा फुलांची. वेगवेगळ्या रंगांची फुलं रात्रभर खड्ड्यात ठेवायची आणि सकाळी कोणती टवटवीत आहेत ते बघायचं.

आता ही परीक्षा आजच्या इंजिनिअरला पटेल का, हा वेगळा मुद्दा. आणि त्या फुलांचे रंग चार वर्णांना वाटून दिलेले होते, हेही लपवायला नको. कोणती जागा कुणाची हे फुलावरून ठरायचं, आणि फुलं ठरवणारे कोण हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यातली एक गोष्ट आम्हाला घेण्यासारखी वाटली. एकदा बघून निर्णय घ्यायचा नाही. बघायचं, दूर जायचं, परत येऊन बघायचं. रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी पुन्हा बघायचं.

पुढं कित्येक शतकं आपल्या खेड्यापाड्यांत साधी माणसं घर विकत घेतच नव्हती. घर वाडवडिलांचं असायचं, नाहीतर गावठाणात जागा मिळाली की भाऊबंदांनी मिळून बांधायचं. तरीही 'घर बघणं' हा शब्द आपल्या तोंडी होताच. तो कशासाठी? लग्नासाठी. मुलगी द्यायची तर आधी घर बघून यायचं. मुलीचे वडील, चुलते, मामा बैलगाडीनं किंवा चालत जायचे. विहीर कुठं आहे, गोठ्यात जनावरं किती, धाब्याचं घर की कौलारू, घरात खाणारी तोंडं किती, हे सगळं नजरेनं मोजून यायचे. आमच्या आजी सांगायच्या, जाणता माणूस सोयरिकीचं घर एकदा सांगून बघतो आणि एकदा न सांगता. बाजाराच्या दिवशी सहज आल्यासारखं दाखवत दारावरून जायचं आणि चुलीचा धूर, अंगणातला केर आणि बायकांचे चेहरे बघून यायचं.

म्हणजे दोन वेळा बघायची अक्कल आपल्याकडं होती. फक्त जिला त्या घरात जन्म काढायचा, ती बघायला जात नव्हती. तिनं घर पहिल्यांदा बघितलं ते माप ओलांडताना. विहीर लांब आहे हे तिला दुसऱ्या दिवशी पहाटे कळायचं.

आता कायद्याकडं येऊ. १८८२ साली इंग्रज सरकारनं मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा केला. आजही जुनं घर विकत घेताना तोच कायदा लागू होतो. त्याचं ५५ वं कलम आम्ही एका वकीलताईंकडून दोनदा समजून घेतलं. त्यात घरातल्या दोषांचे दोन भाग केले आहेत. एक दोष असा, की घेणाऱ्यानं साधारण काळजी घेऊन बघितलं तरी त्याला दिसणार नाही. असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्यानं तो सांगितलाच पाहिजे. दुसरा दोष असा, की साधारण काळजी घेऊन बघितलं असतं तर दिसला असता. तो सांगायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकलेली नाही. तो आपण बघायचा.

मैत्रिणींनो, हे नीट ध्यानात घ्या. भिंतीला तडा आहे, छत गळतं, मोरीचं पाणी शेजारच्या दारात जातं, हे सगळं डोळ्यांना दिसणारं. नंतर आपण म्हणालो की आम्हाला सांगितलं नाही, तर समोरचा म्हणणार, तुम्ही बघितलं का नाही? म्हणजे घर बघणं हा हौसेचा भाग राहिला नाही. १८८२ पासून ते घेणाऱ्याचं काम आहे.

याच कायद्यात १९२९ साली एक दुरुस्ती झाली. घरात प्रत्यक्ष जो कोणी राहत असेल, त्याचा त्या घरावर काही हक्क असेल तर तो घेणाऱ्याला माहीत होता असंच कायदा धरून चालतो. तुम्ही विचारलं नाही, वरच्या खोलीत गेला नाहीत, ही सबब चालत नाही. म्हणून घर बघताना भिंतींच्या आधी माणसं बघायची. इथं कोण झोपतं, कोण स्वयंपाक करतं, कुणाचे कपडे दोरीवर वाळतायत. ही दुरुस्ती पुढं आमच्या मैत्रिणीच्या कामाला आली, ते शेवटी सांगतो.

एकीकडं कायदा म्हणत होता काळजीनं बघा, आणि दुसरीकडं मुंबईसारख्या शहरात बघायची सोयच राहिली नव्हती. गिरण्या आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, आणि दहा बाय दहाच्या खोलीत दहा-दहा जण राहू लागले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा अंधाऱ्या, हवा नसलेल्या खोल्यांचा प्रश्न सरकारला दिसला. १८९८ साली शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पण जागेची टंचाई काही संपली नाही.

मग १९४७ साली मुंबईचा भाडे कायदा आला. भाडी १९४० सालच्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला आधार मिळाला, पण रिकामी खोली मिळणं मुश्किल झालं आणि पागडी फोफावली. पागडी म्हणजे खोलीचा ताबा मिळवण्यासाठी भाड्याखेरीज दिलेली मोठी रक्कम. ती घेणं कायद्यानं बंद होतं, तरी उघड चालायचं. शेवटी १९९९ च्या नव्या भाडे कायद्यानं तिला मान्यता दिली. त्या काळातली भाषा ऐका. लोक 'खोली घेतली' म्हणत नसत, 'खोली मिळाली' म्हणत. मिळालेल्या वस्तूला कोण उलटून पालटून बघतं? रांगेत मागं दहा जण उभे असताना नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारायचं धाडस कोण करणार? आज एजंट जेव्हा म्हणतो की दुसरी पार्टी तयार आहे, तेव्हा आपल्या पोटात जी घाई उठते, ती या टंचाईच्या दिवसांपासून चालत आली आहे असं आम्हाला वाटतं.

आणि काही माणसांना तर घर बघायला दारातच येऊ दिलं जात नव्हतं. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. एवढा शिकलेला माणूस, पण जातीमुळं त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नावानं राहिले. ते कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आजही आमच्या गटातल्या मैत्रिणी सांगतात, फोनवर घर रिकामं असतं, आडनाव सांगितलं की नुकतंच गेलेलं असतं. एकटी बाई, नवऱ्यानं टाकलेली बाई, यांनाही तोच अनुभव येतो. किती वेळा बघायचं हा प्रश्न पडायला आधी दार उघडावं लागतं, हे विसरून चालणार नाही.

पुढं आला फ्लॅटचा जमाना. आता बघायला घरच नव्हतं, कारण ते अजून बांधलेलं नसायचं. रिकामा प्लॉट, एक रंगीत चित्र, आणि पैसे भरा. फसवणूक वाढली म्हणून १९६३ साली महाराष्ट्रानं मालकी फ्लॅटचा कायदा केला. बांधणाऱ्यानं जमिनीचे कागद आणि नकाशे दाखवायचे, आणि लेखी करार नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, असं त्यात होतं. २०१६ साली देशभरासाठी रेरा कायदा आला आणि ही मर्यादा १० टक्क्यांवर आली. सॅम्पल फ्लॅट दाखवून किंवा जाहिरात करून खोटं चित्र उभं केलं आणि त्यावर विसंबून आपलं नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. मोठा प्रकल्प असेल तर त्याचा रेरा नोंदणी क्रमांक घेऊन मोबाईलवर माहिती बघता येते. म्हणजे बघणं डोळ्यांवरून कागदावर आलं. पण सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंग मुद्दाम लहान करून घेतलेला असू शकतो, ते कागद सांगत नाही. घरून मोजपट्टी न्यावी लागते.

आता आपल्या भागाकडं येऊ. आपल्या सांगली-मिरजेकडं दोन गोष्टी अशा आहेत की घर एकदा बघून कळतच नाही. पहिली म्हणजे गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठा-गुंठा, दोन-दोन गुंठे तुकडे पाडून ते स्टँप पेपरवर विकले गेले. कष्टकरी माणसानं त्यावर घर बांधलं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून होता, पण गरज मोठी होती. २००१ साली सरकारनं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, २०२१ साली त्याची मुदत वाढवून २०२० च्या अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पण नियमित करून घेतलेलं घर आणि न घेतलेलं घर बाहेरून सारखंच दिसतं. रंग तोच, गेट तसंच. फरक कळतो तो कागदात. आणि हेही सांगून ठेवतो, १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर विकत घ्यायचं तर खरेदीखताची नोंदणी सक्तीची आहे. नोटरीसमोर सही केली म्हणून घर नावावर होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या पेठांमधले वाडे वाहून गेले, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेलं आहे. आपण तर स्वतः बघितलं. २००५ चा पूर, मग २०१९ चा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. २००५ ला जिथं पाणी आलं नव्हतं, तिथल्याही घरांत ते शिरलं. २०२१ ला पुन्हा पूर. नदीकाठच्या नकाशावर दोन रेषा काढलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. घर त्या रेषेच्या आत आहे की बाहेर, हे महापालिकेत किंवा पाटबंधारे खात्याकडं विचारता येतं. चैत्रात बघितलेलं घर आणि आषाढात बघितलेलं घर वेगळं असतं. चैत्रात सगळ्या भिंती कोरड्या असतात. नवा रंग दिलेली भिंत दिसली तर शेजारच्या घराची भिंत बघावी. पाण्याची खूण तिथं राहिलेली असते.

आता मूळ मुद्दा. बाई घर बघायला का जात नव्हती? कारण घर तिचं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला, पण त्याच कायद्यात २३ वं कलम होतं. राहत्या घरात पुरुष वारसांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत बाईला स्वतःहून वाटणी मागता येत नव्हती. लग्न झालेली आणि नवऱ्याकडं नांदणारी मुलगी असेल तर तिथं राहण्याचाही हक्क नव्हता. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा जन्मानं हक्क दिला, तोपर्यंत लग्न झालेल्यांना मात्र वगळून. २००५ साली देशभर तो हक्क आला आणि ते २३ वं कलमही गेलं.

नवऱ्याच्या घराचंही तसंच. २००३ साली आपल्या सरकारनं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवरा-बायको दोघांचं नाव लावण्याचा निर्णय काढला. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत गरिबांच्या घरावर घरातल्या बाईचं नाव असावं, किंवा दोघांचं असावं, अशी अट आली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळं एक गंमत झाली आहे. आता बाईचं नाव खरेदीखतावर येतं, कारण पैसे वाचतात. बँक सहकर्जदार म्हणून तिची सही घेते. आमच्या गटातून इसाराचे पैसेही तीच उचलते. नाव तिचं, सही तिची, कर्ज तिचं. आणि घर बघून आलेत नवरा आणि दीर, संध्याकाळी एकदा. नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागली. आता तरी पाय त्या उंबऱ्यापर्यंत जायला हवेत.

मग किती वेळा? हे सगळं वाचल्यावर आम्ही गटात बसून ठरवलं. आमचा हिशोब चार खेपांचा आहे, आणि प्रत्येक खेपेला प्रश्न वेगळा.

पहिली खेप दिवसाउजेडी. घर, खोल्या, उजेड, वारा, मोरी, संडास, मीटर. बरोबर मोजपट्टी आणि वही. कपाटामागं हात घालून ओल आहे का बघायची. छताचे पापुद्रे, खिडकीच्या कोपऱ्यातले तडे बघायचे. किंमत या दिवशी बोलायचीच नाही. आवडलं असं तोंडावर दाखवायचंही नाही.

दुसरी खेप पाण्याच्या वेळी. नळ सकाळी साडेपाचला येत असेल तर साडेपाचला. शेजारणीशी बोलायचं. पाणी किती वेळ टिकतं, उन्हाळ्यात टँकर येतो का, गटार तुंबतं का, हे एजंटपेक्षा तिला जास्त माहीत असतं.

तिसरी खेप रात्री. आपली मुलगी क्लासवरून येते त्या वेळी. रस्त्यावर दिवा आहे का, कोपऱ्यावर कोण बसतं, रिक्षा आत येते का. हा प्रश्न पुरुषांच्या वहीत सहसा नसतो.

चौथी खेप कागदांनंतर. प्रॉपर्टी कार्ड किंवा नमुना ८, सातबारा असेल तर तो, फेरफार, घरपट्टीची पावती हे वकिलाला दाखवायचं. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. त्यातून जी नावं निघतील ती डोक्यात ठेवून पुन्हा घरी जायचं आणि ती माणसं कुठं आहेत ते विचारायचं. जमलं तर ही खेप पावसाळ्यात घ्यायची. त्यानंतर किंमत सांगायची आणि मगच इसार. कारण इसारानं घर आपलं होत नाही. पण आपण माघार घेतली तर इसार बुडेल, असं बहुतेक पावत्यांत लिहिलेलं असतं.

कुणी म्हणेल, चारच का, दहा का नको? आमच्याकडं तीही एक मैत्रीण आहे. तीन वर्षं घरं बघतेय, एकेक घर सात-आठ वेळा. तिच्या डोळ्यांदेखत किमती वाढल्या आणि चांगली घरं गेली. ज्या खेपेला नवी काहीच माहिती मिळाली नाही, ती शेवटची समजायची. आणि एजंट चार खेपांनाही थांबत नसेल, तर काय लपवलंय असा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा.

आता त्या मैत्रिणीचं काय झालं ते सांगतो. ठरावामुळं ती रागानंच घर बघायला गेली. नवऱ्याला बरोबर घेतलं, पण सकाळी सहाला गेली. पुढच्या दोन खोल्या चांगल्या होत्या. मागं, स्वयंपाकघराच्या पलीकडं, एक छोटी खोली होती. तिथं पन्नाशीची एक बाई चहा करत होती. संध्याकाळी ती खोली बंद होती, पुरुषांनी तिला कोठीची खोली समजून सोडून दिलं होतं. ही बाई विकणाऱ्याची विधवा बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. वडील मृत्युपत्र न करताच गेले होते आणि कागदावर एकट्या भावाचं नाव लागलं होतं. घर विकायला काढलंय हे तिला त्या सकाळी आमच्या मैत्रिणीकडून कळलं.

मैत्रीण सांगते, त्या बाईनं तिला चहा दिला आणि एवढंच विचारलं, "मग मी कुठं जाऊ?"

वकीलताईंनी सांगितलं, बहिणीचा वाटा आहे. तिची सही नसेल तर व्यवहार अडकेल, आणि ती तिथं राहते म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मैत्रिणीच्या नवऱ्यानं विकणाऱ्याला तसं कळवलं. बहिणीला विक्रेती म्हणून खरेदीखतात घ्या, तिच्या वाट्याचा चेक तिच्या नावानं देतो. तो तयार झाला नाही. शनिवार आला आणि गेला. ती दुसरी पार्टीही आली नाही. ते घर आजही विकलेलं नाही. बहीण अजून तिथंच आहे. तिला आम्ही तालुक्याच्या विधी सेवा केंद्राचा पत्ता दिला, बाईला तिथं वकील मोफत मिळतो. ती गेली का, ते अजून कळलं नाही.

आमची मैत्रीण अजून भाड्याच्या खोलीत आहे. गटात यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, आपल्या अटीमुळं तिचं चांगलं, स्वस्त घर गेलं. पुढच्या गल्लीत आता दर वाढलेत, हेही खरं आहे. ती स्वतः मात्र दर रविवारी नवऱ्याला घेऊन घरं बघायला जाते. वहीत चार रकाने आखलेत. मागच्या बैठकीत तिनं ती वही सगळ्यांपुढं ठेवली आणि पन्नास हजारांचा अर्ज पुन्हा दिला. या वेळी ठरावात अट लिहायची गरज पडली नाही.

तुमच्या घरात इसाराची बोलणी चालू असतील तर आज संध्याकाळीच विचारा, घर कुणी बघितलंय आणि किती वाजता. आणि तुमच्या माहेरच्या घराचा उतारा शेवटचा कधी बघितलात, तेही आठवून बघा. पुढच्या भागात उतारा कसा काढायचा आणि वारस नोंद कशी करायची, त्यावर बोलू. तोपर्यंत नमस्कार.